समान आद्याक्षरांचे इंग्रजी शब्द

इंग्रजी कोशाचें एक पान घ्यावें आणि शब्द व त्याची व्याख्या ओळीनें घोकावी, ही रीत पुष्कळ घरांतून अजून चालू आहे. पण आठ दिवसांनीं त्यांतले चार शब्दही मुलांच्या ध्यानांत राहत नाहींत. त्यापेक्षां शब्दांच्या आद्याक्षरांकडे पाहावें, असें आम्ही सुचवितों.

ज्यांना संस्कृत उपसर्ग ठाऊक आहेत त्यांस हें अवघड नाहीं. लॅटिनमधील ‘कॉम्’ हा उपसर्ग आपल्या ‘सम्’चें काम करितो. दोहोंचें मूळ एक नव्हे, पण वळण तेंच. पुढील वर्णाप्रमाणें ‘सम्’ जसा सङ्कल्प, सञ्चय, सन्तोष यांत रूप पालटतो, तसा ‘कॉम्’ कोठें कॉन्, कोठें कॉल्, कोठें कॉर् होतो. स्वरापूर्वीं नुसता ‘को’ राहतो.

अहिल्यानगर जिल्ह्यांतलींच उदाहरणें घेऊं. कलेक्टर म्हणजे एकत्र गोळा करणारा. सारा वसूल करणें हेंच त्याचें मूळचें काम. काँग्रेस म्हणजे एकत्र चालून येणें, जवळजवळ आपलें ‘संगमन’. आणि याच काँग्रेसच्या कार्यकारिणीचे सभासद १९४२ च्या ऑगस्टपासून नगरच्या किल्ल्यांत कोंडलेले होते! सर्वांत गोड व्युत्पत्ति कंपनीची. ‘पानिस’ म्हणजे भाकरी. एका भाकरीचे वाटेकरी ती कंपनी. पंक्तीचे नियम कडक पाळणाऱ्या आपल्या समाजांत हा शब्द ईस्ट इंडिया कंपनीच्या पावलांनीं यावा, ही गंमतच म्हणावयाची.

कोऑपरेटिव्ह म्हणजे एकत्र काम करणारी. हरेगांवास बेलापूर कंपनी साखर करीत असे. १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरानगरचा सहकारी कारखानाही साखर करूं लागला. दोन्ही नांवांचीं आद्याक्षरें ‘सह’च म्हणतात. मग भेद कोणता? कंपनींत ज्याचे भाग अधिक त्याचीं मतें अधिक. सहकारी संस्थेंत भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं लोणीच्या परिसरांतील शेतकऱ्यांना घेऊन जें उभें केलें, त्याचें मर्म या भेदांत आहे. तें नुसत्या उपसर्गावरून कळत नाहीं. त्यासाठीं व्याख्या पुरती वाचावी लागते.

शिवाय अक्षरें तींच दिसलीं म्हणून उपसर्गही तोच, असें मानूं नये. कॉफी आली अरबींतून. बंगल्याभोवतालचें कंपाउंड बहुधा मलायी ‘कांपोंग’वरून आलें, दवाखान्यांतील कंपाउंडर मात्र औषधें एकत्र करणारा, म्हणून खरा ‘कॉम्’च्या कुळांतला. ‘करप्शन’मध्यें तर ‘एकत्र’ हा अर्थच नाहीं. तेथें उपसर्ग ‘पुरतें मोडणें’ दाखवितो, जसा आपला संहार.

‘इन्’ या आद्याक्षरांची फसवणूक याहून घातक आहे. ‘इन्करेक्ट’ यांत तीं ‘अ’कार दाखवितात, ‘इन्कम’ यांत ‘आंत’. पॉलिशच्या किंवा स्पिरिटच्या डब्यावर ‘इन्फ्लेमेबल’ असें छापलेलें असेल, तर ‘न पेटणारें’ असा अर्थ कोणी करूं नये. तें चटकन पेट घेणारें असतें. असा डबा चुलीपासून व देवघरांतील समईपासून दूर ठेवावा, आणि घरांतील मुलांना हा एक शब्द तरी आजच समजावून द्यावा.