टायर घरपोच, पण बसवणार कोण?

सेल लागला की आपण काय काय मागवतो? बूट, इअरफोन, बॅग, मोबाइलचं कव्हर. बूट आले की पायात घालायचे, इअरफोन आले की कानात. विषय संपला. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी बाइकचा मागचा टायर मागवला आणि कळलं, की काही वस्तू घरी आल्यावर विषय सुरू होतो.

गाडी बाबांची, दीडशे सीसीची, दहा वर्षं जुनी. मागचा टायर पार गुळगुळीत झालेला. कॉलेजच्या रस्त्यावरच्या दुकानात विचारलं तर २१०० रुपये. तीच कंपनी, तोच साइझ, मोबाइलवर १६७०. सरळ ४३० रुपये वाचत होते. ज्यांना महिन्याच्या शेवटी मेसचं गणित जुळवावं लागतं, त्यांना ४३० रुपये म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. ऑर्डर टाकली. चौथ्या दिवशी टायर रूमवर हजर. रूम पार्टनरने तो गळ्यात घालून फोटोसुद्धा काढून घेतला.

पुढचा शनिवार मी तो टायर घेऊन कोथरूडभर फिरलो. पहिल्या दुकानात प्रश्न आला, "कुठनं आणला?" ऑनलाइन म्हटल्यावर उत्तर मिळालं, "मग तिथंच बसवून घ्या की." दुसरीकडे, "आम्ही बाहेरचा माल बसवत नाही." तिसरीकडे दर सांगितला ४०० रुपये. आणि त्याच दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'टायर खरेदीवर फिटिंग फ्री'. माझं डोकंच फिरलं. तुमचंही फिरलं असतं. बाकीच्यांना फुकट आणि मला ४००? ही तर उघड लूट!

चौथं दुकान म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची टपरी. तिथले काका २०० रुपयांत तयार झाले. चाक काढता काढता म्हणाले, "दादा, ट्यूब नवी टाका. जुनी ताणली गेलीय, नव्या टायरात घडी पडंल." मी मनात म्हटलं, आलं बघा! टायर यांच्याकडून घेतला नाही म्हणून आता ट्यूबमधून वसुली. "राहू द्या काका, जुनीच टाका," मी म्हणालो. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि जुनीच टाकली.

तीन आठवड्यांनी धाकट्या बहिणीला मागे बसवून साताऱ्याला घरी निघालो. शिरवळच्या अलीकडे, भर हायवेवर, गाडीचा मागचा भाग अचानक डावी-उजवीकडे झुलायला लागला. ब्रेक न दाबता, ॲक्सिलरेटर सोडून कशीबशी गाडी कडेला घेतली. मागून आलेला ट्रक हॉर्न वाजवत शेजारून गेला. बहीण एक शब्द बोलली नाही, नुसती माझा शर्ट घट्ट धरून बसली होती. गाडी ढकलत पंक्चरवाल्यापर्यंत गेलो. त्याने ट्यूब बाहेर काढली आणि बोट ठेवून दाखवलं. एका जागी घडी पडली होती आणि बरोबर त्या घडीवरच चीर गेली होती. काका म्हणाले होते अगदी तसंच. नवी ट्यूब ३५०, मजुरी १५०. पुढे खंबाटकीचा घाट होता. हेच तिथे झालं असतं तर, हा विचार मी अजून टाळतो.

हे सगळं वाचून 'ऑनलाइन घेऊच नये' असा अर्थ कृपया काढू नका. टायर जिथे स्वस्त आणि खात्रीचा मिळेल तिथून जरूर घ्या. माझं भांडण माझ्या त्या शनिवारच्या डोक्याशी आहे. टायरच्या किमतीतला रुपया न् रुपया मला कळत होता. बसवणाऱ्याच्या कामाला मात्र मी शून्य किंमत लावली होती.

आता घरातली गोष्ट आठवा. आईने कधी ना कधी दळणाचा डबा हातात देऊन गिरणीत पाठवलं असेलच. गहू आपले, डबा आपला, तरी गिरणीवाल्याला किलोमागे पैसे मोजतो. 'गहू दुसऱ्या दुकानातून आणलेत, म्हणून दळणार नाही' असं तो म्हणत नाही. 'गहू आमचेच आहेत, मग पैसे कसले?' असं आपणही म्हणत नाही. शर्टाचं कापड एका दुकानातून घेतो आणि शिलाई दुसऱ्याला देतो. तिथे कुणालाच राग येत नाही, कारण वस्तूचे पैसे वेगळे आणि कामाचे वेगळे, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

टायरच्या दुकानात हा हिशेब एकात एक मिसळला गेला. 'फिटिंग फ्री' या पाटीचा अर्थ मजुरी नाही, असा नसतो. ती टायरच्या नफ्यात धरलेली असते. ते २१०० रुपये टायर अधिक मजुरीचे होते. म्हणजे माझी खरी बचत ४३० नव्हतीच. २०० रुपये बसवण्याचे वजा केले तर उरतात २३०, आणि त्यातून शनिवारभर जाळलेलं पेट्रोल वजा करायचं ते वेगळंच. आपण टायर बाहेरून आणतो तेव्हा दुकानदाराचा नफा जातो आणि काम तेवढंच राहतं. मग तो मजुरी सांगतो आणि आपल्याला ती लूट वाटते.

काम काय असतं, तेही एकदा उभं राहून बघा. चेन ढिली करा, ब्रेकचा रॉड सोडवा, एक्सल ओढून चाक काढा. रिमला चिकटून बसलेली टायरची कड दाबून सुटी करा. टॉमी घालून टायर उतरवा, पण रिमला ओरखडा येता कामा नये. नवा टायर चढवताना कडेला साबणाचं पाणी, ट्यूबमध्ये थोडी हवा, म्हणजे ती पिळली जात नाही आणि टॉमीखाली चिमटत नाही. टायरवर बाण असतो, तो चाक फिरण्याच्या दिशेनेच हवा. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ घ्यायचा, कारण टायरची ती हलकी बाजू असते. मग चाक सरळ रेषेत बसवणं, चेनचा ताण बघणं, मागचा ब्रेक पुन्हा सेट करणं. यातली एक गोष्ट चुकली तरी ती आपल्याला टपरीवर कळत नाही, रस्त्यावर कळते.

दुकानदार नकार का देतात, हेही नंतर त्या टपरीवाल्या काकांनीच सांगितलं. हो, मी परत गेलो होतो, माफी मागायला. ते म्हणाले, "टायरची कड आधीच खराब असली तरी गिऱ्हाईक म्हणतं, तुम्हीच फाडली. साइझ चुकीचा निघाला तरी आमच्याच नावानं बोंब." मुद्दा बरोबर आहे. माल त्याचा नाही, बिल त्याचं नाही, तक्रार मात्र त्याच्या दारात येते.

म्हणून आपलं काम आपण आधी करायला हवं. पार्सल आलं की टायर बसवण्याआधी नीट वाचा. एकदा रिमवर चढला की परत घ्यायला विक्रेता सहसा तयार होत नाही. माझ्या टायरवर १००/९०-१७ ५५पी असं होतं. रुंदी १०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम १७ इंची. ५५ म्हणजे टायर २१८ किलोपर्यंत भार घेऊ शकतो आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. गाडीच्या पुस्तिकेत जो साइझ आहे तोच घ्यायचा. 'जरा रुंद टायर भारी दिसतो' हा मोह आवरा. बाजूला चार आकडे असतात. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. सेलमधला टायर किती वर्षं गोदामात पडून होता, हे तिथेच कळतं. ट्यूबवाला की ट्यूबलेस, आयएसआयचा शिक्का आहे का, हेही बघा. माल खराब निघाला तर भांडण विक्रेत्याशी करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. राग टपरीवाल्यावर काढू नका.

आणि ऑर्डर टाकण्याआधी एक फोन किंवा एक चक्कर: "काका, टायर मी आणला तर बसवाल का? किती घ्याल? ट्यूब तुमच्याकडूनच घेतो." एवढं विचारलं असतं तर माझा तो शनिवार वाचला असता.

दुकानदारांनाही एक सांगणं आहे. बाहेरचा टायर बघून तोंड फिरवून आता भागणार नाही. आमच्या पिढीची खरेदी मोबाइलवरून होतच राहणार. गिरणीत जसा दराचा फळा असतो, तसा तुमच्याकडेही लावा. पुढचं चाक इतके, मागचं इतके, ट्यूबसकट इतके. बाहेरच्या टायरला थोडे जास्त घ्यायचे असतील तर घ्या, पण ते फळ्यावर लिहा. आकडा समोर असला की लूट वाटत नाही. गिऱ्हाइकाचं तोंड बघून दर ठरला की लगेच संशय येतो. त्या संशयापायीच मी एक चांगला सल्ला धुडकावला.

परवा मित्राने विचारलं, "पुढचा टायर ऑनलाइन घेऊ का रे?" मी म्हटलं, घे, पण आधी काकांना विचार. आम्ही दोघं टपरीवर गेलो. काकांनी त्याचा जुना टायर बोटाने चाचपला आणि म्हणाले, "अजून चार महिने जाईल, आत्ता कशाला घेतोस?" मित्राचे सगळेच पैसे वाचले. काकांना त्या दिवशी काहीच मिळालं नाही. फक्त हवा भरून घेतली, त्याचे दहा रुपये दिले.