किर्लोस्करांचें लेथ

लक्ष्मणराव किर्लोस्करांचें नांव निघालें कीं आपल्याकडे लोखंडी नांगराची कथा सांगितली जाते, आणि ती सांगण्याजोगी आहेच. तथापि माझ्या मतें त्या घराण्याच्या कर्तृत्वाचें खरें माप नांगर नव्हे, लेथ होय. लेथ म्हटल्याबरोबर, विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या डोळ्यांपुढें तेलकट कपड्यांचा कारागीर उभा राहतो. पालकांच्याही डोळ्यांपुढें तोच राहतो, आणि तेथेंच माझी तक्रार आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालीं बेळगांव जिल्ह्यांत झाला. मुंबईस ते चित्रकला शिकावयास गेले. परंतु कांहीं रंग नीट ओळखतां येत नसल्यामुळें यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले व पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तोच विषय शिकवूं लागले. मग बेळगांवीं सायकलींचें दुकान, कडबा कापण्याचें यंत्र, नांगर. तेथील जागा सोडावी लागली तेव्हां औंधच्या पंतप्रतिनिधींनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ निवडुंगानें भरलेलें माळरान दिलें आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. हा भाग पुष्कळांस ठाऊक असेल.

नांगराचा फाळ किंचित् वांकडा निघाला तरी शेत नांगरलें जातें. लेथला ही सवलत नाहीं. त्याच्या बिडाच्या बैठकींत जी चूक राहील, ती त्यावर कातलेल्या प्रत्येक दांड्यांत उतरते, आणि तो दांडा ज्या यंत्रांत बसेल त्यांतही. म्हणून कारागीर अगदीं सपाट अशा पट्टीला निळा रंग फांसून ती बैठकीवर फिरवितो. जेथें रंग लागेल तेथें उंचवटा समजून तेवढाच भाग हातानें खरडतो. पुन्हा रंग, पुन्हा खरडणें. यंत्रें घडविणाऱ्या यंत्राची अचूकता अशी माणसाच्या मनगटांतून येते! ह्या कामास अडाण्याचें काम म्हणणाऱ्यानें तें एक तासभर करून पाहावें.

१९४१ सालीं, महायुद्धामुळें परदेशी यंत्रें मिळणें दुरापास्त झालें असतां, किर्लोस्करांनीं तुंगभद्रेच्या कांठीं हरिहर येथें म्हैसूर किर्लोस्कर कंपनी काढून लेथ बनविण्याचें काम अंगावर घेतलें. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव १९२६ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सची पदवी घेऊन आले, ते कचेरींत नव्हे, वडिलांच्या कारखान्यांत कामाला लागले. आपल्या घरांत मात्र "अभ्यास केला नाहींस तर लेथवर जाशील," असा धाक मुलास घातला जातो. ज्याला हातानें काम करण्याची आवड आहे अशा मुलाचा उत्साह त्यानें मारला जातो. आणि ज्याला नाहीं, त्याला दुसऱ्याच्या श्रमाचा तिरस्कार फुकट शिकविला जातो.

घराण्याचें नांव मुलाला वारशानें मिळतें, हातांतलें कसब मिळत नाहीं. तें प्रत्येक पिढीस नव्यानें कमवावें लागतें. नांव एवढें मोठें असूनही हरिहरचा तो कारखाना ह्या शतकाच्या आरंभीं बंद पडला. तेथें घडलेलीं लेथ मात्र लहान लहान वर्कशॉपांतून अद्यापि फिरत आहेत.