उपग्रह स्वदेशी, पण तार गंजलेली?

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर चालून आलेल्या दहा दहशतवाद्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका भर समुद्रात बळकावली. तिच्यावरील खलाशांचे प्राण गेले आणि तीच नौका शत्रूला मुंबईच्या तोंडाशी घेऊन आली. किनाऱ्यावर कोणाला त्याचा पत्ता लागण्याची सोयच नव्हती. पुढे २०१७ च्या अखेरीस ‘ओखी’ चक्रीवादळ आले. खोल समुद्रात गेलेल्या दक्षिणेतील असंख्य मच्छीमारांपर्यंत इशारा पोहोचू शकला नाही. काही नौका भरकटत देवगड बंदरात आश्रयाला आल्या. अनेकजण परतलेच नाहीत.

पाथर्डी तालुक्यातील तिसगावाहून निघालेला वाटसरू रस्ता चुकला, तर एखाद्या वस्तीवर विचारून मार्गाला लागतो. समुद्रावर विचारायला कोणी नसते. तेथे चुकलेला कधी वादळात सापडतो, तर कधी नकळत सागरी सीमा ओलांडून पाकिस्तानच्या तुरुंगात जाऊन पडतो. गुजरातच्या नौकांवर काम करणाऱ्या पालघरच्या कित्येक खलाशांच्या कुटुंबांनी हे दुःख भोगले आहे.

यावर उपाय म्हणून ‘प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजने’तून एक लाख मासेमारी नौकांवर ‘इस्रो’ने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर विनामूल्य बसवण्याचे ठरले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथेच पंतप्रधानांच्या हस्ते या योजनेचा प्रारंभ झाला. नौकेचे स्थान किनाऱ्यावर कळावे, वादळाचा इशारा तांडेलापर्यंत जावा, सीमा जवळ आल्याची सूचना मिळावी आणि संकटात हाक देता यावी, हा तिचा हेतू. तो स्तुत्यच आहे.

परंतु योजना जाहीर होणे वेगळे आणि ती डोलकाठीवर टिकणे वेगळे. आपले स्वदेशी दिशादर्शक उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. तेथून येणारा संदेश इतका क्षीण असतो की, जोडणीत शिरलेले खारे पाणी त्याचा घात करण्यास पुरेसे ठरते. अँटेनाला चोहोबाजूंनी मोकळे आकाश हवे. केबिनच्या आडोशाला किंवा रडारच्या झोतात ती बसवली, तर उपयोग शून्य. तिची केबल मध्येच जोडलेली नसावी, कोपऱ्यात करकचून वाकवलेली नसावी आणि इंजिनाच्या वीजतारांना बांधलेली तर मुळीच नसावी. केबिनमध्ये शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी तेथूनच गळून जाते. प्रत्येक सांधा जलरोधक पट्टीने बंद करावा आणि यंत्राला स्वतंत्र फ्यूज असावा. ही कामे किरकोळ दिसतात. पण जाळे ओढताना अँटेनाला बसलेला एक हिसका सारी योजना निरर्थक करू शकतो.

क्षुल्लक दोषाची किंमत अवकाशातही चुकवावी लागते. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या ‘एनव्हीएस-०१’ उपग्रहात स्वदेशी अणुघड्याळ होते, ही अभिमानाची गोष्ट. मात्र २९ जानेवारी २०२५ रोजी गेलेला ‘एनव्हीएस-०२’ ऑक्सिडायझरच्या मार्गातील झडप न उघडल्याने नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. जे झडपेचे, तेच नौकेवरील सांध्याचे.

म्हणून यंत्र वाटून छायाचित्र काढले की कर्तव्य संपले, ही वृत्ती सोडावी लागेल. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्याच वेळी प्रत्येक अँटेनाची व केबलची तपासणी सक्तीची का असू नये? किनारपट्टीवरील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून कोळीवाड्यांतील तरुणांना हे काम शिकवल्यास बंदरातच दुरुस्ती होईल आणि रोजगारही मिळेल. यंत्र आपल्यावर पाळत ठेवण्यासाठी आहे, माशांची जागा त्याने उघड होईल, अशी शंका मच्छीमाराच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ती दटावून नव्हे, तर माहितीच्या गोपनीयतेची हमी देऊनच दूर करता येईल. अन्यथा उत्तम बसवलेले यंत्रही बंदर सुटताच बंद केले जाईल.

स्वदेशीचा अर्थ केवळ प्रक्षेपणाच्या दिवशी टाळ्या वाजवणे नव्हे. आकाशातील सामर्थ्य डोलकाठीवरून खाली उतरून तांडेलाच्या हाताशी येते, ते हातभर तारेतून. ती तार शाबूत ठेवणे, हेही राष्ट्ररक्षणच आहे.