काळविटावर दगड उचलू नका

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, हरणं-पाखरं हे पोट भरलेल्यांचे चाळे. ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याला काळविटाचं काय कौतुक? आधी जमीन द्या, मग रान बघू.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात राबतो. पाळीभर कापसाची धूळ गिळतो. गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडणाऱ्या जमातीतला मी नाही. तरी सांगतो मित्रांनो, हे बोलणं आपलं नाही. हे जमीनदारानं आपल्या तोंडात कोंबलेलं बोलणं आहे.

कसं ते बघा. तामिळनाडूत नागपट्टिणम जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, समुद्राला लागून कोडियकराई आहे. नकाशावर पॉइंट कॅलिमेर. १९६७ साली तिथं काळविटासाठी अभयारण्य जाहीर झालं. जागा सुमारे सतरा चौरस किलोमीटर. सागाचं उंच जंगल नव्हे ते. वाळूवरचं झुडपी रान. खिरणी, पीलू, काटेरी जाळ्या, मधे गवताचे पट्टे, कडेला खारी दलदल. आपल्याकडचा पाऊस सरला की तिकडं लागतो. मग थंडीत रोहित येतात, उत्तरेकडून हजारो कोस उडून पाखरं चिखलात उतरतात. मुंबईच्या बी. एन. एच. एस. नं तिथं वर्षानुवर्षं पाखरांच्या पायांत नंबराची कडी घातली. म्हणजे पाखराच्या पायालाही मुंबईचं नाव आहे. मुंबईतल्या आपल्या झोपडीला मात्र पत्ता नाही.

असल्या रानाला सरकारी दप्तरात काय म्हणतात? पडीक. इंग्रजाचा हिशोब सरळ होता. सारा देते ती जमीन, देत नाही ती वाया गेलेली. तो गेला, त्याचा शब्द राहिला. आजही देशाच्या पडीक जमिनींच्या सरकारी नकाशात झुडपी जमीन मोजतात. हा शब्द नीट ओळखा. सागाचं जंगल सवर्ण, झुडूप गावकुसाबाहेरचं. ज्या लेखणीनं आपल्याला हलकं लिहिलं तिनंच ह्या रानाला पडीक लिहिलं. मग आपण तिचीच शाई वापरायची?

आता त्याच मुलखातली दुसरी गोष्ट. अभयारण्य झालं त्याच्या पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, किळवेनमणी गावात भातशेतीवरच्या दलित मजुरांची वस्ती पेटवली. गुन्हा काय? संघटना बांधली, मजुरी वाढवून मागितली. झोपडीत आसऱ्याला शिरलेले ४४ जण जळून मेले. बाया, पोरं, म्हातारी माणसं. जमीनदार हायकोर्टातून निर्दोष सुटले. १९३० साली वेदारण्यमला राजाजींनी उचललेलं मीठ इतिहासाच्या पुस्तकात सापडतं. त्याच मुलखातली किळवेनमणीची राख आपल्यालाच शोधावी लागते.

मला सांगा, त्या ४४ जणांची जमीन काळविटानं खाल्ली होती काय? कावेरीच्या पाण्यावरची ती भाताची खाचरं कुणाच्या नावावर होती? सतरा किलोमीटर वाळू हरणाला दिली म्हणून कुणी भूमिहीन झालं नाही. सुपीक जमीन मूठभरांनी दाबली म्हणून झालं.

आपल्याकडंही तेच. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर लाखो भूमिहीन तुरुंगात गेले. ती मागणी न्यायाची होती, आजही आहे. पण बागायतीला हात लावायची वेळ आली की कायद्याला शंभर पळवाटा फुटतात, आणि आपल्या तोंडावर माळाचा तुकडा फेकतात. तो कसायला घेतला की तेच सरकार म्हणतं, अतिक्रमण! हरीण आणि भूमिहीन दोघांना एकाच खडकावर झुंजवायचं, आणि मळेवाल्यानं बांधावर बसून बघायचं. ही कुस्ती आपण कशापायी खेळायची?

महाडला चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, आपली माणसं नाही. १९२७ साली बाबासाहेब तिथं गेले ते गुरांना हाकलायला नव्हे. माणसाचा हक्क घ्यायला.

आता दुर्बीणवाल्यांना दोन शब्द. तुम्ही म्हणता, माणूस बाहेर काढा, रान वाचेल. कोडियकराईचं गवत कोण गिळतंय? वेडी बाभूळ. अमेरिकेकडून आणलेलं झाड. काळविटाला मोकळं गवत लागतं, ही बया त्यावर पसरते. ती उपटायला तुमचे मऊ हात पुरणार नाहीत. तिथं घाम गाळायला मजूरच लागतो. त्याला रोजावर बोलावता, मग फाटकाबाहेर उभं करता. १६ नोव्हेंबर २०१८ ला गज वादळ वेदारण्यमजवळच धडकलं. काळविटं मेली, झाडं आडवी झाली, गरिबांच्या झोपड्या उडाल्या. वाऱ्यानं फाटक बघितलं नाही.

म्हणून आपली मागणी साफ हवी. जमीन पाहिजे ती बागायतीतली. झुडपी रानाला पडीक म्हणणं बंद करा. रान राखायचं काम वस्तीतल्या माणसाला द्या, तेही कायम, पुऱ्या पगारावर. आणि रानाचा निर्णय ज्या टेबलावर होतो तिथं त्याला खुर्ची द्या. चहा आणायला नव्हे, बोलायला.

दगड उचलायचाच असेल तर नेम नीट धरा. समोर हरीण आहे, मागं मळेवाला उभा आहे.

जयभीम.