‘स्वयंपूर्ण गाव’ नावाची गोड कथा : बलुते, वतन आणि गावात बोलण्याचा अधिकार

१/ गेले काही दिवस एक चित्र फिरते आहे. मध्यभागी नांगरधारी शेतकरी, भोवती बारा बलुतेदारांचे वर्तुळ. खाली मजकूर असा, की प्रत्येकाला काम होते, बेकारी नव्हती, रोख पैशाची गरज नव्हती; इंग्रज आले आणि हे सारे मोडले. चित्र सुबक आहे, परंतु त्यातला इतिहास बहुतांशी खोटा आहे. हा थ्रेड त्यासाठी.

२/ प्रथम एक गंमत. गावे म्हणजे छोटी, स्वयंपूर्ण प्रजासत्ताके, ही कल्पना लोकप्रिय केली ती चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने, १८३० च्या एका टिपणात. त्याचा अनुभव मुख्यतः दिल्लीच्या परिसरातला, आणि टिपणामागचा वाद होता सारा कोणाकडून व कसा वसूल करावा याचा. म्हणजे इंग्रजांनी गाव मोडले म्हणून हळहळताना आपण शब्द वापरतो ते इंग्रज महसूल अधिकाऱ्याचेच.

३/ स्वयंपूर्णतेचे म्हणाल तर देशावरच्या गावात मीठ पिकत नव्हते. ते कोकणातून बैलांच्या पाठीवर घाट चढून येई. लोहाराला लोखंडही बहुधा बाहेरूनच मिळे. सरकारचा सारा मोठ्या प्रमाणावर रोखीत भरावा लागे. त्यासाठी धान्य विकणे आले, बाजारपेठ आली आणि सावकारही आला. रोखीची गरज नसलेले हे गाव शोधायचे तरी कुठे?

४/ आता बलुते. सुगीच्या वेळी खळ्यावर बलुतेदाराला पेंढ्या व धान्याचा वाटा मिळे. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी दाखवून दिले, की महाराष्ट्रातील बलुतेदार हा एखाद्या कुटुंबाचा आश्रित नसून अख्ख्या गावाचा वतनदार सेवक होता. हे महत्त्वाचे आहे. वतन हा हक्क होता. त्याची वाटणी होई, त्यावर तंटे होत, पाटीलकी तर विकलीही जाई. तंट्याच्या निवाड्यासाठी गोतसभा बसे, तेव्हा महजरावर पाटलाच्या नांगराच्या निशाणीखाली बलुतेदारही आपापल्या हत्याराची निशाणी उमटवत. शिवेच्या वादात महाराची साक्ष मोलाची मानली जाई.

५/ ‘म्हणजे सर्वांचा सहभाग होताच की!’ थांबा. सहभाग होता तो वतनाचा, माणसाचा नव्हे. मिरासदाराला गावकीत स्थान. तीच जमीन कसणाऱ्या उपऱ्याला नाही. कुंभाराच्या घरी माती मळणाऱ्या आणि परिटाच्या घरी धुणे बडवणाऱ्या बाईचे श्रम बलुत्यात मोजलेले, पण निशाणी घरधन्याची. महाराला अनेक याद्यांत थोरल्या कासेत जागा आहे, कारण त्याच्यावाचून गावाचे पान हलत नसे. तरीही त्याला पाणवठा वेगळा आणि वस्ती वेशीबाहेर. उपयुक्ततेमुळे प्रतिष्ठा मिळते असे मानणाऱ्यांनी या एका उदाहरणाशी थोडा वेळ थांबावे.

६/ मुद्दा उत्पन्नाच्या स्वरूपाचा आहे. बलुते ठरावीक पगारासारखे हातात पडत नसे. दुसऱ्याच्या शेतात पीक आले तर आपला वाटा, आणि तोही ज्याच्या खळ्यावर उभे राहायचे त्याच्या मर्जीने कमीअधिक. उलट महाराच्या कामाला सीमा नव्हती : सांगावे पोहोचवणे, वसूल ठाण्यात नेणे, अंमलदारांची सरबराई, राखण, मेलेली जनावरे ओढणे. ज्याच्या खळ्यावर पोट अवलंबून आहे, त्याच्याविरुद्ध चावडीवर तोंड कोण उघडणार?

७/ १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतरच्या काळाकडे या दृष्टीने पाहा. गावोगावी उगारलेले सर्वांत प्रभावी शस्त्र लाठी नव्हते, बहिष्कार होता. बलुते बंद, मजुरी बंद, वाण्याचे दुकान बंद, गुरांना चराई बंद. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने (डॉ. आंबेडकर तिचे सदस्य होते) १९३० च्या अहवालात याच आर्थिक परावलंबनावर बोट ठेवले आहे.

८/ म्हणूनच आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. मागणी कोरडी वाटावी इतकी व्यवहारी होती : कामे निश्चित करा, बलुत्याऐवजी रोख मोबदला द्या, आणि ज्याला वतनातून मोकळे व्हायचे आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन रयतेप्रमाणे ठेवू द्या. ‘बहिष्कृत भारता’तून त्यांनी याचा पाठपुरावा केला. विधेयक पार पडले नाही. १९२९ मध्ये त्यांना ते मागे घ्यावे लागले. वतन सोडण्यास समाजातूनही विरोध होता हे लपवू नये. तुटपुंजा का होईना, जमिनीचा तुकडा आणि मान कोण सहज सोडतो?

९/ १९४८ च्या ४ नोव्हेंबरला संविधान सभेत त्यांनी खेड्यावर जे कठोर भाष्य केले, त्याला ‘शहरी माणसाचा राग’ म्हणणाऱ्यांनी हे वीस वर्षांपूर्वीचे विधेयक आधी वाचावे. तो राग नव्हता, हिशोब होता.

१०/ आणि शेतकऱ्याचे काय? त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) बहुतेक जण नाव घेण्यापुरताच वापरतात. आत्रे तर बलुत्याचा भार कुणब्यावर कसा पडतो आणि वंशपरंपरेच्या हमीमुळे कारागिराचे कसब कसे खुंटते, यावरच तक्रार करतात! त्यांची सगळीच मते मला मान्य नाहीत, परंतु रम्य गावाच्या समर्थनार्थ त्यांना उभे करणे हा निव्वळ न वाचल्याचा पुरावा आहे.

११/ इंग्रजी राजवटीने काही बिघडवले नाही, असे माझे म्हणणे नाही. रोखीचा ठाम सारा, सावकाराच्या हाती आलेले कोर्ट, आणि त्यातून १८७५ च्या मे महिन्यात सुप्यात पेटलेला दंगा, हे सारे खरेच आहे. मात्र त्याच काळात मुंबईच्या गिरण्या, गोदी, रेल्वे आणि पलटण यांनी खळ्यावर न मिळणारा पगारही दिला. तो मिळालेला माणूस गावी परतला, तेव्हा जोहार घालताना अडखळू लागला.

१२/ कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा आणि ग्रामपंचायतींचा कायदा, दोघांच्याही नावात १९५८ हेच वर्ष आहे. मताचा अधिकार आणि खळ्यापासून सुटका कायद्याच्या पुस्तकात अशी जवळजवळ आली. वतनाच्या जमिनी रक्कम भरून परत मिळाल्या, पण जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येणार नाहीत या अटीवर. तुमच्या तालुक्यातले काही सातबारे उघडून पाहा. ‘भोगवटादार वर्ग २’ या शेऱ्याखाली त्यातल्या कित्येक आजही दिसतील.