शंका घेण्याचे स्वातंत्र्य

आज २० ऑगस्ट. २०१३ साली याच दिवशी सकाळी, पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावरून फिरावयास निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. ज्या कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेटे घातले, त्याच्या वटहुकुमाला मंत्रिमंडळाची संमती मिळाली ती दुसऱ्याच दिवशी. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने त्याचा रीतसर कायदा केला. जे हयातीत साधले नाही ते मृत्यूने साधले, असे त्या वेळी पुष्कळांनी गहिवरून म्हटले. आम्हांस त्यात गहिवरण्यासारखे काही दिसत नाही. एखादा विचार विधिमंडळाच्या उंबरठ्याशी वर्षानुवर्षे ताटकळत राहावा आणि तो मांडणाऱ्याचे रक्त सांडल्यावरच दार उघडावे, ही लोकशाहीची नामुष्की होय.

हा सारा झगडा विज्ञान आणि धर्म यांच्यामधील होता, अशी समजूत रूढ आहे. आमच्या मते ती चुकीची आहे, आणि ती चूक पुढच्या अनेक चुकांची जननी आहे. तो कायदा एकदा नजरेखालून घातला तरी हे ध्यानात येईल. नरबळी देणे, भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला मारझोड करणे, चमत्काराचा देखावा करून लोकांना लुबाडणे, साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र व गंडेदोरे करणे, अशा कृत्यांना त्याने अपराध ठरविले आणि सहा महिने ते सात वर्षे कारावास व पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा सांगितली. परंतु प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना त्याच कायद्याने स्पष्ट शब्दांत अभय दिले. त्याच्या लांबलचक नावात ‘अंधश्रद्धा’ हा शब्दसुद्धा नाही. कोणाची श्रद्धा डोळस आणि कोणाची आंधळी, हे ठरविण्याचा अधिकार राज्यसंस्थेला नाही. कोणते कृत्य क्रूर आणि कोणते कपटाचे, एवढेच तिने ठरवावे. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे व धर्माचरणाचे जे स्वातंत्र्य दिले, तेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेतच दिले आहे. हा कायदा त्या मर्यादेच्या रेषेवर उभा आहे. तिच्या पलीकडे त्याने पाऊल टाकलेले नाही.

असे असूनही ‘धर्मात ढवळाढवळ’ ही हाकाटी झालीच. महाराष्ट्राला ती नवी नाही. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलींचे संमतिवय दहावरून बारावर आले, तेव्हा लोकमान्य टिळकांनी परक्या सरकारने आमच्या सामाजिक व्यवहारात हात घालू नये अशी भूमिका घेतली. आगरकरांनी कायद्याची बाजू उचलून धरली. टिळकांच्या आक्षेपात त्या काळी वजन होते, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. ज्याच्या हाती आपले स्वातंत्र्य आहे, त्याच्याच हाती आपल्या समाजसुधारणेचीही दोरी देणे मानी राष्ट्राला रुचत नाही. परंतु आता सरकार परके नाही. कायदे आपण निवडून दिलेले प्रतिनिधी करतात. आक्षेपाचा आधार १९४७ सालीच नाहीसा झाला. आक्षेप मात्र सवयीने जिवंत राहिला आहे.

आगरकरांचा प्रश्न याच्या उलट आहे, आणि तो अजूनही सुटलेला नाही. राज्य आपले झाले, पण मन आपले झाले काय? विरोधकांनी आगरकरांची त्यांच्या जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. ती पाहूनही त्यांची लेखणी थांबली नाही. परदास्यातल्या त्या पुण्यात सुधारकाची प्रतिमा जाळली गेली. स्वतंत्र भारताच्या पुण्यात सुधारकालाच ठार मारण्यात आले. त्यापाठोपाठ २०१५ साली कोल्हापुरात गोविंद पानसरे, त्याच साली धारवाडला प्रा. एम. एम. कलबुर्गी आणि २०१७ साली बंगळुरात गौरी लंकेश गोळ्यांना बळी पडल्या. सव्वाशे वर्षांच्या प्रगतीचा हिशेब मांडणाऱ्यांनी ही नोंद वगळू नये.

तेव्हा धर्म मागे सारून विज्ञानाला सिंहासनावर बसविले म्हणजे प्रश्न सुटेल काय? तसेही आम्हांस वाटत नाही. १६३३ साली गॅलिलिओला गुडघे टेकावयास लावले ते धर्मपीठाने, हे प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. परंतु निकोलाय वाव्हिलॉव्ह या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाला १९४० साली पकडले आणि १९४३ साली तुरुंगात मरू दिले, ते उठल्याबसल्या विज्ञानाची शपथ घेणाऱ्या सोव्हिएत राजवटीने. आनुवंशिकतेविषयी लायसेंको सांगेल तेच खरे, असे तेथील सत्तेने ठरविले होते. पीठ धर्माचे असो की पक्षाचे, ‘मला प्रश्न विचारू नका’ असे ते म्हणू लागले की, ज्ञानाची वाट खुंटते. विज्ञानाला प्रयोगशाळा लागते, त्याहून अधिक स्वातंत्र्य लागते. खरा झगडा आहे तो प्रश्न सहन करणारी सत्ता आणि प्रश्न सहन न करणारी सत्ता यांच्यामध्ये.

आणि धर्म हा प्रश्नांचा जन्मजात वैरी आहे, असेही म्हणता येत नाही. न्यायमूर्ती रानडे ईश्वरनिष्ठ होते आणि सुधारकही होते. गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे तर प्रश्नांची सरबत्तीच असे. समोरच्या अडाणी श्रोत्यालाच ते प्रश्न विचारीत आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेत. हातात खराटा, मुखी देवाचे नाव आणि नवसाच्या बोकडासाठी दया, या तिन्ही गोष्टी त्या एका माणसात सुखाने नांदत होत्या. आपला विरोध देवाला वा धर्माला नसून शोषणाला आहे, असे दाभोलकरही वारंवार सांगत. ते ऐकून घेण्याची तसदी त्यांच्या विरोधकांनी क्वचितच घेतली. आणि त्यांच्या काही उत्साही अनुयायांनीही ते नेहमी ध्यानात ठेवले असे नाही. भाविकाची टवाळी केल्याने त्याची बुद्धी जागी होत नाही, त्याचा अभिमान तेवढा जागा होतो.

आता थोडे स्वतःकडे पाहू. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवता व शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ सालच्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने संविधानात लिहिले गेले. हे कर्तव्य कोर्टाच्या हुकुमाने पार पाडून घेता येत नाही. ते ज्याचे त्यानेच पाळावयाचे आहे. आमची काही वर्षे शाळेच्या वर्गात गेली आहेत, म्हणून सांगतो: विज्ञान आम्ही मुलांना उत्तरे म्हणून शिकविले, प्रश्न म्हणून नव्हे. व्याख्या पाठ केली की गुण मिळत, ‘हे कशावरून?’ असे विचारणाऱ्या मुलाला अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत आम्ही खाली बसविले. तीच मुले पुढे अभियंते झाली, डॉक्टर झाली आणि वास्तुशास्त्राप्रमाणे स्वयंपाकघराची दिशा बदलू लागली. तो काही गुन्हा नाही. आपल्या घराची चूल कोठे मांडावी हे ज्याचे त्याने ठरवावे. पण मग अंधश्रद्धा ही खेड्यातील निरक्षरांची मिरास आहे, असे आपण सुशिक्षितांनी म्हणू नये.

शिवाय अंधश्रद्धा केवळ देवघरातच राहते असे नाही. धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेलही, राजकारणात मात्र ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. जो बुवाच्या अंगाऱ्यावर शंका घेतो, पण आपल्या पुढाऱ्याच्या शब्दावर घेत नाही, त्याचा वैज्ञानिक दृष्टिकोन अर्धामुर्धा आहे. शंकेची खरी कसोटी लागते ती आपल्या स्वतःच्या पक्षावर, जातीवर आणि आवडत्या मतावर ती वापरताना.

१० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दाभोलकर खून खटल्यात दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. कटामागचे सूत्रधार मात्र तपासयंत्रणांच्या हाती लागले नाहीत, हे न्यायालयानेही नमूद केले. जवळजवळ अकरा वर्षांनी न्याय आला, तोही अपुरा. ज्या राज्यात विचारवंतावर गोळी झाडणारा सापडतो आणि झाडावयास लावणारा सापडत नाही, तेथे प्रश्न विचारणाऱ्याला संविधानाने दिलेले अभय कागदावरच राहते. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, ते सूत्रधारांपर्यंत पोहोचण्याची जबाबदारी टाळू शकत नाही. तशीच जादूटोणाविरोधी कायदा प्रत्येक पोलीस ठाण्यात माहीत असेल व वापरला जाईल, हे पाहण्याचीही.

आपल्यालाही एक गोष्ट करता येण्यासारखी आहे, आणि तिला वटहुकूम लागत नाही. आज घरातल्या लहान मुलाने ‘हे कशावरून?’ असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नये. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे, आणि त्याच्याबरोबर शोधावयास बसावे.