शय्याव्रण-प्रतिबंध : गादीची परीक्षा कशी करावी?

पक्षाघात, मांडीच्या हाडाचा भग्न किंवा वार्धक्य यांमुळे अंथरुणास खिळलेल्या रुग्णाचे नातेवाईक हल्ली वैद्याला औषधाआधी विचारतात ते "एअर बेड घेऊ का?" असे. आपल्यापैकी अनेकांच्या औषधालयांतून या गाद्या विकल्या जातात वा भाड्याने दिल्या जातात. म्हणजे सल्ला देणारा आणि त्या सल्ल्यातून लाभ मिळविणारा पुष्कळदा एकच असतो. म्हणूनच या विषयावर स्पष्ट लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

माकडहाड, टाच, खुबा या ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस सतत दाबले गेले, की तेथील रक्तसंचार खुंटतो. त्यात घर्षण, ओलावा आणि कुपोषण यांची भर पडते. चांगला फोम भार अधिक पृष्ठभागावर पसरवितो. पंपावर चालणारी वातशय्या आलटून-पालटून कप्पे फुगवून भाराची जागा बदलते. महाग गादी अधिक संरक्षण देणार, असे सर्वांनी गृहीत धरले आहे. अनुभव तसा नाही.

ब्रिटनमधील ११ रुग्णालयांतील १९७२ रुग्णांवरील २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या गादीवर अंथरावयाचे वातपटल आणि संपूर्ण वातशय्या यांची तुलना झाली. नवे व्रण अनुक्रमे १०.७ व १०.३ टक्के रुग्णांत झाले, म्हणजे फरक नगण्य. पुढे २०१९ साली त्याच देशातील २०२९ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वातशय्येची तुलना उत्तम प्रतीच्या फोमशी केली होती. पारडे वातशय्येकडे किंचित झुकले, परंतु निर्णायक म्हणावे इतके नव्हे. याउलट साधा फोम आणि उत्तम फोम यांत मात्र उत्तम फोमच्या बाजूने फरक आढळलेला आहे.

आपल्याकडे याचा अर्थ काय? तासन् तास वीज नसलेल्या गावात पंप बंद पडला, की वातशय्या ही केवळ प्लॅस्टिकची चादर उरते आणि रुग्ण थेट खाटेच्या फळीवर येतो. अशा घरी घट्ट, दर्जेदार फोम सुचविणे हा कमी प्रतीचा सल्ला मुळीच नव्हे. विक्रेत्याला त्यात कदाचित कमी मिळेल, इतकेच.

त्या अभ्यासांतील रुग्णांभोवती परिचारिका होत्या, हेही विसरता येत नाही. आपल्याकडे वातशय्या घरी आली, की कूस बदलणे थांबते आणि घात तेथेच होतो. दर दोन तासांनी कूस बदलावी, हा नियम रात्री एकट्या सुनेला किंवा वृद्ध पत्नीला पाळणे किती कठीण असते, हे आपण जाणतो. अमेरिका व कॅनडातील २७ शुश्रूषागृहांत ९४२ रहिवाशांवर झालेल्या, २०१३ च्या अभ्यासात घन फोमवर दोन, तीन व चार तासांनी कूस बदलण्यात व्रणांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. अत्यंत अधिक धोका असलेले रुग्ण त्यात नव्हते, म्हणून हा निष्कर्ष सरसकट लावू नये. पण मध्यम धोक्याच्या रुग्णाला चांगल्या फोमवर ठेवून, रोज त्वचा पाहत, रात्रीचे अंतर थोडे वाढवावे काय, याचा विचार वैद्याने जरूर करावा. थकून कोसळलेला उपस्थाता रुग्णाच्या कामाचा नाही. चिकित्सेच्या चार पादांत चरकाने त्याला स्थान दिले आहे ते उगीच नव्हे.

सुश्रुताने व्रणितोपासनीय अध्यायात व्रणिताच्या शय्येचा विचार केला आहे. त्यावरून वातशय्या संहितेत होती, असे सांगण्याचा मोह कोणी करू नये! घ्यावयाची ती शय्येकडे पाहण्याची दृष्टी.

गादी घरी पोहोचल्यावर वैद्याने एकदा तरी स्वतः पाहावी. माकडहाडाच्या खाली, गादीखालून तळहात सरकवावा. हाड हाताला लागत असेल तर गादी निरुपयोगी आहे. पंपाची खूण रुग्णाच्या वजनानुसार आहे ना? वर गोधडी, रबरी कापड आणि ताणून बसविलेली चादर असे थर घातले, तर घेतलेल्या गादीचा उपयोग संपला. टाचा पोटरीखाली उशी घेऊन अधांतरी ठेवाव्यात. खाटेचे डोके फार उंच केले, की रुग्ण खाली घसरतो आणि माकडहाडाची त्वचा ओढली जाते.

अभ्यंगाविषयीही एक सूचना. दाबाने लाल झालेल्या जागी मर्दन करू नये, त्याने आतील ऊतींची हानी वाढते. सावळ्या त्वचेवर ही लाली दिसत नाही. तेथील उष्णता, काठिण्य आणि वेदना हातानेच ओळखावी लागते.

औषधालयांनी भाड्याच्या वहीत आणखी तीन रकाने वाढवावेत, अशी आमची सूचना आहे : गादी देताना त्वचेची स्थिती, गादी परत येताना त्वचेची स्थिती आणि दरम्यान कूस किती वेळा बदलली. वहीत आपली जात्यादी तेलाची योजनाही लिहावी आणि तिलाही गादीचाच निकष लावावा. वर्षअखेरीस या नोंदी शाखेच्या सभेत मांडता येतील.